‘कळलं नाही’ म्हणणारा अंतराळवीर

पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जून-जुलैमध्ये गेलात, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. सगळ्यांचे हात गुंतलेले असतात, डोळे मूर्तीवर खिळलेले असतात. मोकळे असतात ते फक्त कान. त्यामुळे कोपऱ्यात काहीतरी वाजत असते. पूर्वी तो ट्रान्झिस्टर असे, आता मोबाइल असतो. गाणी, बातम्या, कीर्तन, नाटक, काहीही चालते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी सुरू झाली, की मात्र आखणारा कारागीर आवाज बंद करायला सांगतो. तेवढ्या कामाला कानसुद्धा लागतात, असे एकाने आम्हांला सांगितले.

कानांनी ऐकायच्या नाटकाचे सामर्थ्य आणि मर्यादा ह्या दोन्ही गोष्टी ह्या दृश्यात आहेत. ऐकणारा दुसरे काम करता करता ऐकू शकतो, हे सामर्थ्य. आणि अर्धे लक्ष देऊनही आपण ‘ऐकले’ असे त्याला वाटू शकते, ही मर्यादा. वर्गात बसलेल्या मुलांच्या बाबतीतही हेच खरे आहे, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आमचे बालपण रोह्यात गेले. घरातली मोठी माणसे ‘पुन्हा प्रपंच’च्या आठवणी काढत. मुंबई आकाशवाणीच्या त्या मालिकेत प्रभाकर जोशी टेकाडे भावजी होत, नीलम प्रभू मीनावहिनी आणि बाळ कुडतरकर पंत. आवाज तीनच, पण त्यांतून सगळे घर डोळ्यांपुढे उभे राही. टेकाडे भावजी हा मराठी नभोवाणीचा फार लाडका नायक. परंतु त्यांची साहसे दिवाणखान्यातली. गुन्हे आणि पाठलाग ऐकायचे असतील, तर विविध भारतीवरच्या हिंदी ‘इन्स्पेक्टर ईगल’कडे जावे लागे. आणि आपला अस्सल मराठी साहसवीर, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, आम्हांला भेटला तो पुस्तकांच्या पानांत.

विज्ञानाच्या पायावर उभी असलेली, वर्षानुवर्षे चाललेली आणि एकच नायक असलेली श्रुतिका मुलांना ऐकवली, तर तिच्यातून मुले नेमके काय शिकतील, हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस पडला होता. म्हणून पेण आणि रोहा तालुक्यांतील काही शिक्षकांबरोबर आम्ही एक प्रयोग करून पाहिला. त्यासाठी मालिका निवडली ती ब्रिटिश नभोवाणीची ‘जर्नी इन्टू स्पेस’ आणि तिचा नायक जेट मॉर्गन. ह्या मालिकेचे भाग संशोधनाच्या दिवसांत आम्हांला कॅसेटवर ऐकायला मिळाले होते आणि ते मनात घर करून राहिले होते. ह्या लेखात त्या मालिकेचे थोडे परीक्षण आहे आणि ती वर्गात नेल्यावर झालेल्या आमच्या फजितीची हकीकतही आहे. दोन्ही एकमेकांत गुंतलेली असल्याने वेगळी करता आली नाहीत.

मालिका आणि तिचा लेखक

‘जर्नी इन्टू स्पेस’चा पहिला भाग बीबीसीवर २१ सप्टेंबर १९५३ रोजी प्रसारित झाला. पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला ४ ऑक्टोबर १९५७ रोजी, म्हणजे मालिका सुरू झाल्यावर चार वर्षांनी, हे लक्षात घ्यावे. पहिल्या कथेचे १८ भाग झाले. त्यानंतर ‘द रेड प्लॅनेट’ आणि ‘द वर्ल्ड इन पेरिल’ ह्या प्रत्येकी २० भागांच्या दोन कथा आल्या. १९८१ मध्ये एक नवी कथा झाली, आणि २००८ व २००९ मध्येही जेट मॉर्गन पुन्हा नभोवाणीवर आला. नायक पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकला, असे म्हणायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये संध्याकाळच्या वेळी दूरचित्रवाणीपेक्षा जास्त लोकांनी ऐकलेला हा शेवटचा नभोवाणी कार्यक्रम मानला जातो.

लेखक आणि निर्माते होते चार्ल्स चिल्टन. लंडनमधल्या गरीब वस्तीत वाढलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी बीबीसीत निरोप्या म्हणून कामाला लागला आणि तिथेच निर्मात्याच्या पदापर्यंत पोहोचला. महायुद्धाच्या अखेरीस त्यांची नेमणूक श्रीलंकेत, सैनिकांसाठी चालणाऱ्या ‘रेडिओ सीॲक’वर झाली. ह्याच केंद्राचे पुढे रेडिओ सिलोन झाले आणि १९५२ पासून तिथून ‘बिनाका गीतमाला’ आपल्या घराघरांत पोहोचली. सिलोनमधले चिल्टन ह्यांचे सहकारी डेव्हिड जेकब्स ह्यांनी पुढे ह्या मालिकेत कितीतरी दुय्यम पात्रांचे आवाज दिले. आपल्या ओळखीच्या एका केंद्राचा आणि ह्या परक्या मालिकेचा असा दूरचा नातेसंबंध आहे.

पहिली कथा थोडक्यात अशी. साल १९६५. ऑस्ट्रेलियातून चार माणसे चंद्राकडे निघतात. जेट मॉर्गन हा यानाचा प्रमुख. डॉक्टर मॅथ्यूज हा वैद्य. तो रोजनिशी लिहितो आणि तिच्यातूनच आपल्याला कथा कळते. मिच हा ऑस्ट्रेलियन अभियंता. चौथा लेमी बार्नेट, रेडिओ सांभाळणारा. तो लंडनच्या कामकरी वस्तीतला, बोलका, घाबरट आणि चौकस. चंद्रावर उतरल्यावर यानाची वीज अचानक जाते. लेमीला रेडिओवर चमत्कारिक संगीत ऐकू येऊ लागते. पुढे त्यांना परके यान भेटते आणि कथा काळाच्या प्रवासाकडे वळते.

चार आवाजांची कामे

नाटकाच्या रंगभूमीवर दार उघडले, की प्रेक्षकाला दार दिसते. श्रुतिकेत दार उघडले, हे कुणीतरी सांगावे लागते, नाहीतर आवाजावरून ओळखावे लागते. ‘आता जेटने दार उघडले’ असे सारखे सांगत बसले, तर श्रुतिकेची बातमीपत्रे होतील. ह्यावर अनुभवी लेखकांनी काढलेली युक्ती जुनीच आहे. एका पात्राला काहीतरी दिसत नाही किंवा कळत नाही, ते विचारते, दुसरे सांगते. ऐकणाऱ्याला हवी ती माहिती त्याच्या वतीने दुसऱ्याने विचारून घेतलेली असते.

‘जर्नी इन्टू स्पेस’मध्ये हे काम लेमीचे आहे. जेट निर्णय घेतो. मिच यंत्र दुरुस्त करतो. डॉक्टर नोंद ठेवतो. आणि लेमी म्हणतो, मला हे कळलं नाही. आपण तरंगतो का आहोत? हे काय वाजतंय? पृथ्वीवरून उत्तर का येत नाही? त्याने विचारले नाही, तर डॉक्टरला समजावून सांगायचे कारण उरत नाही, आणि डॉक्टरने समजावले नाही, तर पुढचा प्रसंग ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातो. मालिकेतून जेटला काढून टाकले, तर दुसरा कुणी हुकूम देईल. लेमीला काढून टाकले, तर मालिकाच ऐकू येणार नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की मालिकेच्या आरंभी नाव जेट मॉर्गनचे घेतले जात असले, तरी तिचा खरा नायक लेमी आहे. शिक्षकाच्या दृष्टीने तर नक्कीच.

विज्ञान कितपत खरे?

अशा मालिकेची परीक्षा करताना ‘विज्ञान बरोबर की चूक’ एवढेच पाहण्याचा मोह होतो. ते पाहावे, पण त्यावर थांबू नये.

एक चांगले उदाहरण वजनरहित अवस्थेचे. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासात (व्हर्नला मराठी मुलांच्या घरी आणणाऱ्यांत भागवतांचे नाव मोठे आहे) प्रवासी तरंगतात ते फक्त पृथ्वी आणि चंद्र ह्यांची ओढ सारखी होते त्या ठिकाणी. ही चूक आहे. इंजिन बंद झाल्यावर यान आणि प्रवासी सारख्याच प्रवेगाने ‘पडत’ असतात, म्हणून वजन तेव्हाच जाणवेनासे होते. गुरुत्वाकर्षण संपते म्हणून नव्हे. चिल्टन ह्यांनी ही चूक केलेली नाही. त्यांचे अंतराळवीर इंजिन थांबताच तरंगू लागतात आणि चुंबकी बूट घालून चालतात. १९५३ मध्ये, एकही माणूस अवकाशात गेला नव्हता तेव्हा, लाखो श्रोत्यांच्या कानांवर ही गोष्ट बरोबर रीतीने पडली.

दुसरे उदाहरण चंद्रावरच्या संगीताचे. चंद्रावर हवा नाही, मग लेमीला संगीत ऐकू कसे येते? उत्तर सोपे आहे: ते रेडिओवर येते. रेडिओ लहरींना माध्यम लागत नाही, ध्वनीला लागते. वर्गात हा प्रसंग ऐकवून नुसते विचारावे, ‘लेमीने हेडफोन काढले, तर संगीत ऐकू येईल का?’ ध्वनिलहरी आणि रेडिओ लहरी ह्यांतला जो फरक फळ्यावर दोन तास समजावूनही पक्का होत नाही, तो ह्या एका प्रश्नाने होतो, असा आमचा अनुभव आहे. हवे तर पुढे विचारावे, ‘दोन चांद्रवीरांचे रेडिओ बिघडले, तर ते एकमेकांशी कसे बोलतील?’ शिरस्त्राणाला शिरस्त्राण टेकवून बोलता येईल, कारण कंपने घन पदार्थातून जातात. बाकाला कान लावून दुसऱ्या टोकाची टकटक ऐकणारी मुले हे स्वतःच शोधून काढतात.

तिसरे उदाहरण आकडेमोडीचे. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे. रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. म्हणजे चंद्रावरून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पृथ्वीवरून लगेच दिले, तरी ते कानांवर पडायला अडीच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागणार. आपण वर्गात श्रुतिका सादर करू, तेव्हा ही अडीच सेकंदे गप्प राहून पाहावीत. फार लांब वाटतात! मंगळाच्या बाबतीत ग्रह जवळात जवळ असताना एका दिशेलाच तीन मिनिटे लागतात आणि दूरात दूर असताना वीस मिनिटांहून अधिक. हे गणित सोडवले, की मंगळावरच्या माणसाला पृथ्वीवरून हुकूम देत बसणे का जमणार नाही, हे मुलांना आपोआप कळते.

पहिल्या कथेचा उत्तरार्ध मात्र आम्हांला पटला नाही. वीज गेली, यान अंधारात अडकले, हवा मोजकी उरली, इथपर्यंत चौघांची कसोटी आहे. काय उपलब्ध आहे, काय करता येईल, हे त्यांना तपासावे लागते. पुढे परकी, अतिप्रगत बुद्धी कथेत शिरते, आणि मग कशाचेही उत्तर तिच्याकडे असते. लेमीचे प्रश्न संपत नाहीत, पण आता डॉक्टर विचार करून उत्तर देत नाही. उत्तर वरून येते. गूढ वाढते, समज वाढत नाही. साहसकथेत नायक सुटणार, हे श्रोत्याला ठाऊकच असते. तो कशामुळे सुटला, ह्यावरच कथेचा दर्जा ठरतो. आपण आधी ऐकलेल्या गोष्टींचा उपयोग करून तो सुटला असेल, तर श्रोता पुढच्या वेळी स्वतः विचार करू लागतो. कुणी येऊन सोडवले असेल, तर तो नुसती वाट पाहायला शिकतो.

पेणमधली फजिती

आता आमची हकीकत. पेणमधल्या एका शाळेत सातवीच्या वर्गात आम्ही प्रथम मूळ इंग्रजी ध्वनिमुद्रण ऐकवले. दर तीन-चार मिनिटांनी थांबवायचे, मराठीत सांगायचे, त्यातले विज्ञान उलगडायचे, असा बेत. आम्ही तो नेटाने पार पाडला. मुले शांत होती. शेवटी ‘काही शंका?’ असे विचारले. एकही हात वर आला नाही. आम्हांला वाटले, सगळे छान समजले!

दुसऱ्या तासाला चार शिक्षकांनी एक प्रसंग मराठीत वाचून दाखवला. ध्वनियोजना घरचीच होती: यानाच्या दाराला लोखंडी कपाटाचे दार, उल्कांच्या माऱ्याला सुपात पाखडलेले तांदूळ, शिरस्त्राणातल्या आवाजाला रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलणे. लेमीचे वाक्य वाचणाऱ्या गुरुजींनी हशा पिकावा म्हणून त्याला आगरी बोली दिली. हशा खरोखरच पिकला. आम्हीही हसलो.

तास संपल्यावर खाडीकडच्या गावात शिकवणाऱ्या एका बाई आमच्याजवळ आल्या. त्या म्हणाल्या, “सर, मागच्या बाकांवरची ती तीन-चार मुलं हसली नाहीत, पाहिलंत का? त्यांच्या घरी असंच बोलतात. ज्याला काही कळत नाही, तो आपल्यासारखा बोलतो, एवढं ती आज शिकली.” थोडे थांबून त्यांनी पुढे विचारले, “आणि पहिल्या तासाला तुम्ही जेटही झालात आणि डॉक्टरही झालात. मुलांना कुठलं काम ठेवलंत?”

ह्या दोन वाक्यांनी आमची झोप उडाली. विज्ञानातल्या चुका शोधत बसलेल्या आम्हांला मालिकेतला मुख्य दोष दिसलाच नव्हता, आणि तोच दोष आम्ही वर्गात जसाच्या तसा उतरवला होता.

दोष कुठे आहे

मूळ मालिकेत लेमीची बोली लंडनच्या कामकरी माणसाची आहे. डेव्हिड कॉसॉफ आणि पुढे आल्फी बास ह्या दोन्ही नटांनी ती झकास वठवली. पण परिणाम असा झाला, की जो प्रश्न विचारतो तोच विनोदी पात्र ठरला. ज्ञान शुद्ध भाषेत बोलते, अज्ञान बोलीत बोलते, असा नकळत धडा दिला गेला. चिल्टन स्वतः त्याच वस्तीतून आलेले. त्यांना लेमीबद्दल तिरस्कार नव्हता, उलट त्यांनी सर्वांत जिव्हाळ्याने लिहिलेले पात्र तेच आहे. तरीसुद्धा हशाचा हा हिशेब त्यांना चुकवता आला नाही.

दुसरे, यानात एकही स्त्री नाही. कथेतले उड्डाण १९६५ चे. प्रत्यक्षात व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा १६ जून १९६३ रोजी अवकाशात गेली. रॉकेटांचे भविष्य चांगले ओळखणाऱ्या लेखकाला माणसांचे भविष्य ओळखता आले नाही, ही गोष्ट विज्ञानकथांच्या बाबतीत पुष्कळदा घडते.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘द रेड प्लॅनेट’मध्ये चिल्टन ह्यांनी प्रश्न विचारण्याचे मोल फार प्रभावीपणे दाखवले आहे. मंगळाकडे निघालेल्या ताफ्यात व्हिटेकर नावाचा एक इसम असतो. तो थंड, एकसुरी आवाजात बोलतो आणि मिळालेला हुकूम पाळतो. हळूहळू कळते, की त्याचा जन्म एकोणिसाव्या शतकातला आहे आणि मंगळवासीयांनी त्याच्या मनाचा ताबा घेतला आहे. पुढे मंगळावर अशी माणसे भेटतात, की जी आपण पृथ्वीवरच आहोत असे मानून सुखाने जगत असतात. त्यांच्यात उणीव एकच आहे: ती विचारत नाहीत. ह्या सुन्न आवाजांसमोर लेमीची घाबरी बडबड एकदम मोलाची वाटू लागते. श्रुतिकेतच हे शक्य आहे. पडद्यावर व्हिटेकरचा चेहरा भयंकर करावा लागला असता, इथे त्याचा नुसता स्वर पुरतो. सत्तर वर्षांपूर्वीची ही मालिका आजही ऐकण्याजोगी आहे, ती आमच्या मते ह्या भागांमुळे.

पुण्याचा जुना धडा

नभोवाणीवरच्या साहसवीराला शिक्षणाच्या कामाला जुंपण्याची कल्पना नवी नाही. जेट मॉर्गनच्या आधी ब्रिटनमध्ये डिक बार्टन ह्या गुप्तहेराने धुमाकूळ घातला होता. १९४६ ते १९५१ ह्या काळात त्याचे ७११ भाग झाले आणि ऐन भरात दीड कोटी लोक ते ऐकत. १९४८ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका बैठकीत एका शेतकऱ्याने सुचवले, की आम्हांला शेतीतला डिक बार्टन हवा आहे. त्यातून ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची मालिका जन्मली. तिचे लेखक डिक बार्टनचेच होते आणि १९५१ मध्ये तिने डिक बार्टनचीच वेळ घेतली. ती अजून चालू आहे.

त्यानंतर पाचच वर्षांनी महाराष्ट्रात ह्याच्याही पुढे जाणारा प्रयोग झाला, ह्याचा मात्र आपल्याला विसर पडला आहे. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळे चालवली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यांत होती. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे २० कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात वीसेक माणसे एकत्र बसून ऐकत, नंतर त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ ह्यांनी ह्या प्रयोगाची तपासणी केली. श्रोतृमंडळे होती त्या गावांत लोकांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ दिसली. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तिथे ती फारशी दिसली नाही.

रेडिओ तोच, कार्यक्रम तोच. फरक एवढाच, की एका ठिकाणी विचारायला जागा होती. म्हणजे पुण्याच्या मंडळींनी लेमीला यंत्रातून बाहेर काढून गावाच्या चावडीवर बसवले होते, आणि त्याला कुणी हसत नव्हते.

रोह्यातला दुसरा प्रयत्न

हा धडा घेऊन आम्ही रोह्यात दुसऱ्यांदा बसलो. ह्या वेळी तीन बदल केले. ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून प्रसंग मराठीत, शिक्षक आणि मुले मिळून सादर केला. डॉक्टरची, म्हणजे समजावून सांगणाऱ्याची, भूमिका आगरी बोलणाऱ्या एका मुलाला दिली आणि ती त्याच्या बोलीतच ठेवली. आणि लेमीची भूमिका कुणालाच दिली नाही. नियम असा, की ज्याला जिथे कळले नाही, त्याने तिथे उभे राहून लेमी व्हायचे. कुणी लेमी झाल्याशिवाय नाटक पुढे सरकणार नाही.

पहिली पाच मिनिटे कठीण गेली. कुणी उठेना. नाटक थांबले आणि थांबूनच राहिले. शिक्षकांची चुळबुळ सुरू झाली, आमचीही. समजावून सांगण्यासाठी जीभ शिवशिवत होती. मग एक मुलगी उठली. “यानातली वीज गेली, तर हवा साफ कोण करतं?” डॉक्टरची पंचाईत झाली. त्याच्या कागदावर उत्तर नव्हते. तो म्हणाला, ठाऊक नाही, नोंद करून ठेवतो. आणि त्याने खरेच वहीत लिहिले. त्यानंतर लेमींची रांग लागली.

चंद्रावर वीज जाण्याचा प्रसंग रोह्याच्या मुलांना लंडनच्या श्रोत्यांपेक्षा जास्त जवळचा वाटला, ह्याचे कारणही त्यांनीच सांगितले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा ही मुले पहिली-दुसरीच्या वयाची होती. कित्येक गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती, मोबाइल मुके झाले होते. एकाने सांगितले, की आजोबांचा सेलवरचा रेडिओ तेवढा चालू होता आणि शेजारपाजारचे सगळे त्याच्याभोवती बसत. ह्यावर दुसऱ्याने विचारले, “टॉवर पडला म्हणून मोबाइल बंद, मग रेडिओला टॉवर लागत नाही का?” लागतो, पण मध्यम लहरींचा एक मोठा मनोरा शेकडो किलोमीटरचा प्रदेश सांभाळतो, आणि मोबाइलला दर काही किलोमीटरवर एक मनोरा लागतो, त्यालाही वीज लागते. हे आम्ही सांगितले. पण ह्या वेळी विचारल्यानंतर सांगितले. त्या तासाला आम्ही जेवढे कमी बोललो, तेवढे आजवर कुठल्याच वर्गात कमी बोललो नव्हतो.

शेवटी डॉक्टरच्या वहीत १७ प्रश्न होते. त्यांतल्या नऊंची उत्तरे मुलांनी आठवड्याभरात पुस्तकांतून आणि माणसांकडून मिळवली. पाच प्रश्नांसाठी आम्हांला सहकाऱ्यांना विचारावे लागले. तीन अजून तसेच आहेत. त्यांतला एक वहीत असा लिहिला आहे: ‘लेमीला भीती वाटते म्हणून तो विचारतो. जेटला भीती वाटत नाही, की तो सांगत नाही?’ हा प्रश्न विज्ञानाचा नाही, असे एक शिक्षक म्हणाले. आम्हांला तेवढी खात्री नाही. संशोधनाच्या बैठकीत आपल्याला कळले नाही हे सांगायला आम्ही स्वतः किती वर्षे कचरत होतो, ते आठवते.

साहसमालिका वर्गात जरूर आणाव्यात. इंग्रजी येत नसले, तरी अडत नाही. एखादा प्रसंग मराठीत लिहून काढावा, फेणेचे एखादे साहस घेतले तरी चालेल. कपाट, सूप आणि पिंप प्रत्येक गावात आहे. फक्त नायकाची निवड करताना थोडे थांबावे. धाडसी मुलगा वर्गात सहज सापडतो, हुशारही सापडतो. ‘कळलं नाही’ म्हणणाऱ्याची जागा मात्र आपल्याला राखून ठेवावी लागते, आणि तो उठेपर्यंत गप्प बसावे लागते. आपण करून पाहिलेत, तर डॉक्टरच्या वहीत किती प्रश्न जमले ते आम्हांला अवश्य कळवावे. उत्तरे नसलेले प्रश्न आधी पाठवावेत.